पाच पाकळ्यांचा स्क्रू: फोन विकत घेतला, मग तो उघडण्याचा हक्क कोणाचा?

१/
स्मार्टफोनची बॅटरी काही वर्षांत थकते. लिथियम-आयन रसायनाचा तो स्वभावच आहे. शेकडो वेळा भरली आणि रिकामी झाली की तिची साठवणक्षमता घटत जाते. ती बदलली की तोच फोन आणखी काही वर्षे सुखाने चालतो. मात्र ही बॅटरी घरी, स्वतःच्या हाताने बदलावी असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठ्या पडतात. 'स्फोट होईल', 'वॉरंटी जाईल', 'ते कंपनीचे काम आहे'. ही भीती कोठून आली, याचा हा इतिहास. (धागा)

२/
प्रतिपादन आरंभीच स्पष्ट असावे. विकत घेतलेली वस्तू उघडणे, तिचा झिजलेला भाग बदलणे आणि ती पुन्हा वापरात आणणे हा मालकीचाच भाग आहे. उत्पादकांनी तो गेल्या दीड दशकात पायरीपायरीने काढून घेतला. त्यासाठी पुढे केलेली कारणे, म्हणजे सुरक्षितता, दर्जा आणि जाळ्याचे रक्षण, स्मार्टफोनच्या जन्माच्या कितीतरी आधीची आहेत. टेलिफोनच्याच इतिहासात ती एकदा कसोटीला लागली होती, आणि टिकली नाहीत.

३/
प्रथम त्या कामाचे स्वरूप. बहुतेक फोनची मागची किंवा पुढची काच चिकट पट्टीने बसवलेली असते. ऊब दिली की ती पट्टी सैल होते. सक्शन कपने काच किंचित उचलून फटीत प्लास्टिकची पातळ पट्टी फिरवली की फोन उघडतो. आत सर्वप्रथम बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, म्हणजे शॉर्ट होण्याचे भय उरत नाही. मग स्क्रू, धातूच्या झाकण्या आणि कागदासारख्या पातळ केबल. प्रत्येक स्क्रू त्याच्याच छिद्रात परत गेला पाहिजे, कारण किंचित लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर बोर्डच निकामी होतो.

४/
धोका खरा आहे. लिथियम बॅटरी भोसकली किंवा वाकवली तर पेट घेऊ शकते. म्हणून ती आधी पाव भागाच्या खाली उतरवून घ्यायची, धातूच्या टोकदार हत्याराने उपसायची नाही, आणि फुगलेली असेल तर जाणत्याकडेच द्यायची. पण गॅसचा सिलिंडर बदलण्यातही धोका असतो, आणि तो भारतातील कोट्यवधी घरांत घरचीच माणसे बदलतात. रेग्युलेटर त्या हिशेबाने घडवला गेला आणि तो कसा लावावा हे लोकांना शिकवले गेले. धोका कमी करणे हे रचनेचे काम आहे. फोनच्या बाबतीत रचना उलट दिशेने गेली.

५/
ती नेहमीच तशी नव्हती. नोकिया ३३१० (२०००) किंवा ११०० (२००३) यांचे मागचे झाकण अंगठ्याने सरकवले की बॅटरी हातात येई. एक जुनी बॅटरी खिशात ठेवून प्रवासाला निघणारी पिढी अजून वृद्ध झालेली नाही. त्या काळात 'बॅटरी बदलणे' हे दुरुस्तीच्या सदरात मोडतच नव्हते. घड्याळाचा सेल बदलण्याइतकेच ते किरकोळ होते. या साध्या रचनेची खरी किंमत कळली ती एका संकटात.

६/
ऑगस्ट २००७. नोकियाने जाहीर केले की मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या बीएल-५सी प्रकारच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी अति तापण्याची शक्यता आहे. जगभरात अशा सुमारे शंभर घटना नोंदल्या गेल्या होत्या. उपाय काय होता? झाकण काढायचे, बॅटरीवरचा क्रमांक तपासायचा, दोषी बॅचमधील असेल तर बदलून घ्यायची. भारतातही घराघरांत लोकांनी हेच केले. फोन तोच राहिला. एक छोटा चौकोनी ठोकळा तेवढा बदलला.

७/
आता ऑगस्ट २०१६. सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ बाजारात आला आणि काही दिवसांतच त्याच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. सप्टेंबरमध्ये सुमारे २५ लाख फोन परत मागवले गेले, बदली दिलेल्या फोनमध्येही आगी लागल्या, आणि ऑक्टोबरमध्ये उत्पादनच थांबवावे लागले. दोष बॅटरीत होता, हे कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये स्वतःच सांगितले. पण बॅटरी काचेच्या आत चिकटवून बंद केलेली होती. म्हणून बॅटरीबरोबर कॅमेरा, पडदा, प्रोसेसर, सारेच परत गेले.

८/
या कथेचा शेवट अधिक बोलका आहे. जुलै २०१७ मध्ये सॅमसंगने दक्षिण कोरियात 'नोट एफई' विकायला काढला. तो होता न विकलेल्या नोट ७च्या भागांतून उभा केलेला फोन, आत थोडी लहान आणि निर्धोक बॅटरी. म्हणजे यंत्राचा उरलेला देह निरोगी होता. २००७ मध्ये ४ कोटी ६० लाखांचा प्रश्न ग्राहकांच्या बोटांनी सुटला. २०१६ मध्ये त्याच्या एका लहानशा अंशाने एका नामांकित फोनचा बळी घेतला. सुरक्षिततेसाठी फोन बंदिस्त हवा, असे म्हणणाऱ्यांनी या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

९/
आता शंभर वर्षे मागे. अमेरिकेत टेलिफोनचे जाळे, यंत्रे आणि तारा यांवर एटी अँड टी कंपनीची जवळजवळ मक्तेदारी होती. घरातला टेलिफोनही ग्राहकाचा नसे; तो भाड्याचा. कंपनीने न दिलेली कोणतीही वस्तू त्याला जोडण्यास नियमाने बंदी होती. १९२१ पासून 'हश-अ-फोन' नावाचे एक साधन विकले जात होते. ते म्हणजे बोलण्याच्या भागावर बसवायचे पेल्यासारखे टोपण, जेणेकरून शेजारच्याला संभाषण ऐकू जाऊ नये. त्यात वीज नव्हती, तार नव्हती.

१०/
एटी अँड टीने त्यालाही विरोध केला. कारण? परकी वस्तू जोडल्याने सेवेचा दर्जा ढासळेल आणि सबंध यंत्रणेला अपाय होईल. १९४८ मध्ये तक्रार दाखल झाली. नियामक आयोगाने १९५५ मध्ये कंपनीचीच बाजू घेतली. एका प्लास्टिकच्या टोपणावर निर्णय द्यायला सात वर्षे! १९५६ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. तोंडावर हाताची ओंजळ धरून हळू बोलले तरी हाच परिणाम साधतो, हे न्यायालयाने दाखवून दिले. ग्राहकाला उपयुक्त आणि इतरांना निरुपद्रवी असा वापर कंपनीला रोखता येणार नाही, हे तत्त्व तेथे रुजले.

११/
पुढची पायरी १९६८ची. टेक्सासमधील थॉमस कार्टर यांनी टेलिफोनचा रिसीव्हर बिनतारी संचाशी ध्वनीच्या आधारे जोडणारे यंत्र बनवले होते. तेलविहिरींवर आणि दूरच्या कुरणांवर काम करणाऱ्यांना त्याची गरज होती. १९५९ ते १९६६ या काळात अशी सुमारे ३,५०० यंत्रे विकली गेली. एटी अँड टीने पुन्हा 'जाळ्याला धोका' हे कारण पुढे केले. जून १९६८ मध्ये आयोगाने 'कार्टरफोन' निकाल दिला: प्रत्यक्ष अपाय दाखवता येत नसेल तर सरसकट बंदी बेकायदा.

१२/
येथे मक्तेदारी थांबली नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. एटी अँड टीने नवी अट घातली: बाहेरचे यंत्र जोडा, पण मध्ये आमचाच एक 'संरक्षक' डबा बसवा आणि त्याचे भाडे भरा. हक्क कागदावर मान्य, व्यवहारात अडसर. १९७०च्या दशकात आयोगाने नोंदणीकृत यंत्रे थेट जोडण्याचे प्रमाणित नियम केले, तेव्हा कोठे तो डबा गेला. आजच्या फोनमधील 'पार्ट्स पेअरिंग' समजून घ्यायचे असेल तर हा डबा डोळ्यांसमोर ठेवावा.

१३/
मग जाळे कोसळले काय? मुळीच नाही. टेलिफोनच्या भिंतीवरचा चौकोनी प्लग प्रमाणित झाला. उत्तर देणारी यंत्रे, फॅक्स आणि घरगुती मोडेम त्याच प्लगात बसू लागले. ज्या इंटरनेटच्या बळावर आजच्या फोन कंपन्या उभ्या आहेत, ते सामान्य घरांत प्रथम शिरले तेच मुळी 'परकी वस्तू जोडण्याच्या' या हक्काच्या वाटेने.

१४/
याच काळात संगणकांचाही प्रश्न आला होता. आयबीएम आपली यंत्रे विकत नसे, केवळ भाड्याने देत असे. जानेवारी १९५६ मध्ये अमेरिकी सरकारबरोबर झालेल्या तडजोड-हुकुमानुसार कंपनीला यंत्रे विकणे भाग पडले. शिवाय मालकांना आणि स्वतंत्र दुरुस्तीकारांना सुटे भाग आणि माहिती पुरवण्याचे बंधनही आले. म्हणजे 'भाग द्या, पुस्तिका द्या' ही मागणी कोणा आधुनिक आंदोलकाच्या डोक्यातून निघालेली नाही. सत्तर वर्षांपूर्वी ती एका महाकाय कंपनीवर कायद्याने लादली गेली होती.

१५/
मालकीच्या अर्थाबाबतही न्यायालये बोलली आहेत. १९६१च्या 'अ‍ॅरो' खटल्यात मोटारीच्या कापडी छताचा प्रश्न होता. छताच्या संपूर्ण रचनेवर पेटंट. फाटलेले कापड बदलले तर पेटंटचा भंग होतो काय? अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की झिजलेला भाग बदलणे ही दुरुस्ती आहे, नवनिर्मिती नव्हे. २०१७ मध्ये लेक्समार्कच्या प्रिंटर-काडतुसांच्या खटल्यात तेच न्यायालय सतराव्या शतकातील इंग्रज विधिज्ञ एडवर्ड कोक यांच्यापर्यंत मागे गेले आणि म्हणाले, की वस्तू एकदा विकली की पेटंटच्या जोरावर तिच्यावर ताबा ठेवता येत नाही.

१६/
या विषयावर बोलताना समाजमाध्यमांवर हटकून 'फीबस' कट आठवला जातो. १९२४ मध्ये बल्ब उत्पादकांनी जिनिव्हात संघ स्थापून बल्बचे आयुष्य १,००० तासांवर आणले आणि जास्त टिकणारे बल्ब बनवणाऱ्यांना दंड ठेवला, हे खरे. पण बल्बचे आयुष्य वाढवले की त्याच विजेत मिळणारा प्रकाश घटतो, हेही खरे. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने १९५१ मध्ये हे नोंदवले आहे. दुरुस्तीच्या हक्काला हे उदाहरण नीट लागू पडत नाही. वस्तू किती टिकते हा एक प्रश्न. बिघडल्यावर तिला हात कोण लावू शकतो हा दुसरा, आणि अधिक मूलभूत.

१७/
त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका स्क्रूत सापडते. अ‍ॅपलने २००९ मध्ये मॅकबुक प्रोमध्ये आणि २०११च्या प्रारंभी आयफोन ४च्या बुडाशी पाच पाकळ्यांचा 'पेंटालोब' स्क्रू आणला. त्याचा स्क्रूड्रायव्हर तेव्हा बाजारात सहज मिळत नव्हता. कॅलिफोर्नियातील दोन विद्यार्थ्यांनी २००३ मध्ये स्थापलेल्या आयफिक्सिटने नोंदवले, की दुरुस्तीला आलेल्या जुन्या फोनचे साधे स्क्रू काढून हेच बसवून दिले जात आहेत. या स्क्रूने फोन अधिक मजबूत झाला असे कोणी सिद्ध केले नाही. मालकाला मात्र तो बाहेर ठेवू शकला.

१८/
स्क्रूला हत्यार निघाले, तेव्हा कुलूप सॉफ्टवेअरमध्ये गेले. २०१६च्या प्रारंभी बाहेरून होम बटण बदललेले अनेक आयफोन नव्या प्रणालीनंतर 'एरर ५३' दाखवून कायमचे बंद पडू लागले. कालपर्यंत चालणारा फोन एका रात्रीत वीट झाला. अ‍ॅपलने पुढे दुरुस्त आवृत्ती दिली आणि ही तपासणी कारखान्यातील चाचणीसाठी होती असे सांगितले. बाहेर दुरुस्ती केली म्हणून किमान २७५ ग्राहकांना दाद नाकारल्याबद्दल जून २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने कंपनीला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

१९/
त्यानंतरचे तंत्र अधिक सफाईदार आहे. भागाचा क्रमांक मुख्य बोर्डाशी बांधायचा. भाग अस्सल असो, दुसऱ्या नव्या आयफोनमधून काढलेला असो, कंपनीच्या यंत्रणेने 'ओळख' पटवली नाही तर पडद्यावर इशारा झळकतो, आणि काही वर्षे तर बॅटरीची प्रकृतीही दिसत नसे, पडद्याचे रंगही आपोआप जुळत नसत. २०२१ मध्ये आयफोन १३चा पडदा बदलला की फेस आयडी बंद पडे. आरडाओरड झाल्यावर ते मागे घेतले गेले. एटी अँड टीचा 'संरक्षक डबा' येथे चिपच्या रूपाने परत आला आहे.

२०/
आणि पैशाचा प्रश्न? डिसेंबर २०१७ मध्ये उघड झाले, की जुनी बॅटरी असलेल्या आयफोनचा वेग प्रणाली गुपचूप कमी करते. थकलेल्या बॅटरीने फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केले, असे अ‍ॅपलने सांगितले, आणि ते तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखे आहे. पण मालकाला सांगितले का नाही? माफी मागून बॅटरी बदलण्याचा दर ७९ वरून २९ डॉलरवर आणला गेला. जानेवारी २०१९ मध्ये टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना लिहिले, की नव्या फोनची विक्री अपेक्षेपेक्षा कमी होण्याच्या कारणांत या स्वस्त बॅटऱ्याही आहेत.

२१/
त्या पत्राचे महत्त्व इतिहासाच्या अभ्यासकाला चटकन जाणवेल. दुरुस्तीच्या विरोधातील भाषणांत सुरक्षितता असते. गुंतवणूकदारांना दिलेल्या हिशेबात विक्री असते. एप्रिल २०२२ मध्ये अ‍ॅपलने अमेरिकेत ग्राहकांना भाग आणि साधने देणारी योजना सुरू केली. ४९ डॉलर भाड्याने जो संच येई त्याचे वजन सुमारे ३६ किलो होते, आणि भाग मागवताना फोनचा क्रमांक द्यावा लागे. बॅटरीचे काम असे घरी केले तर दुकानातून करून घेण्यापेक्षा खर्च जास्तच येई. हक्क दिला, पण तो वापरण्याचा मोह कोणाला होऊ नये अशा बेताने.

२२/
विरोधकांचे आक्षेप टाळणे योग्य नव्हे. पहिला: बोटाच्या ठशाचा किंवा चेहऱ्याचा संवेदक कोणीही बदलू शकला तर चोराचे फावेल. हा आक्षेप ग्राह्य आहे. पण त्याची व्याप्ती त्या संवेदकापुरतीच. बॅटरी, चार्जिंगचा जॅक, कॅमेरा यांना तो लागू होत नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने मे २०२१ मध्ये संसदेला दिलेल्या अहवालात उत्पादकांची कारणे एकेक करून तपासली आणि त्यांना आधार देणारा पुरावा अत्यल्प असल्याचा निष्कर्ष काढला.

२३/
दुसरा आक्षेप: उघडता येणारा फोन पाण्यात टिकत नाही. २०१४चा गॅलेक्सी एस५ बोटाने उघडत असे, त्याची बॅटरी हाताने निघत असे, आणि तो एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असे प्रमाणित होते. नेदरलँड्सची फेअरफोन कंपनी साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडणारे फोन वर्षानुवर्षे विकत आहे. खुद्द अ‍ॅपलने २०२४च्या आयफोन १६मध्ये बॅटरीखालचा असा डिंक आणला, जो अल्प विद्युतदाब दिला की काही क्षणांत सुटतो. इच्छा झाली की अभियांत्रिकी वाट काढते.

२४/
तिसरा आक्षेप भारतात सर्वांत जास्त ऐकू येतो: बाजारात डुप्लिकेट भाग फार आहेत. आहेतच. पण ते का आहेत? अस्सल भाग स्वतंत्र कारागिराला आणि ग्राहकाला मिळत नाहीत, म्हणून. ज्या मालाचा राजमार्ग बंद केला जातो त्याची आडवाट तयार होते, हे मिठावरील करापासून दारूबंदीपर्यंतचा इतिहास सांगतो. अस्सल भाग रास्त दराने, क्रमांकाची अट न घालता विकले तर नकली मालाचा निम्मा बाजार आपसूक उठेल. आधी दार लावून घ्यायचे आणि मग लोक खिडकीतून येतात म्हणून ओरडायचे, यात प्रामाणिकपणा नाही.

२५/
कायदे हळूहळू बदलत आहेत. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये मोटारींच्या दुरुस्ती-हक्काला सुमारे ८६ टक्के कौल दिला. न्यूयॉर्कने २०२२ मध्ये, मिनेसोटा आणि कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी कायदे केले. ऑरेगनने २०२४ मध्ये भाग बोर्डाशी बांधण्याच्या प्रथेवरच बंदी घातली. युरोपीय संघात जून २०२५ पासून फोनचे महत्त्वाचे भाग, विक्री थांबल्यावरही सात वर्षे, उपलब्ध ठेवावे लागतात. फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता येण्याजोगी असावी, असा नियम आहे.

२६/
भारत कोठे आहे? २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला. सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांपासून रोखणे, हा त्यांचा दोष होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. तत्त्व मात्र नोंदले गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्ती-हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू झाले. त्या यादीत मोबाइल फोनही आहेत. पण पोर्टलवर माहिती टाकणे ऐच्छिक असेल तर त्याला हक्क म्हणता येत नाही.

२७/
कायदा नसतानाही दुरुस्तीची विद्या येथे जिवंत आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली आणि प्रत्येक तालुक्याच्या एसटी स्टँडजवळचे टपरीवजा दुकान. सूक्ष्मदर्शकाखाली बोर्डावरचा एक बारीक भाग बदलणारे हात तेथे आहेत. खेड्यातील लोहार-सुतार औताचा फाळ आणि जू नीट करीत, तेव्हा दुरुस्ती ही गावगाड्याच्या केंद्रस्थानी होती. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती जातीने जखडलेली होती. आजच्या मोबाइल कारागिराला ते बंधन नाही. व्हिडिओ पाहून, दुसऱ्याच्या हाताखाली राहून कोणीही हे शिकू शकतो. नेमके तेच स्वातंत्र्य बांधलेल्या भागांमुळे धोक्यात आहे.

२८/
हा केवळ शौकिनांचा प्रश्न नव्हे. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला, असे संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. उरलेल्यातील बराचसा कोठे जातो हे दिल्लीच्या सीलमपूरमध्ये दिसते. तारा जाळणारी, आम्लात बोर्ड बुडवणारी माणसे तेथे असतात. दोन वर्षे जास्त चाललेला फोन तेवढा काळ त्या भट्टीपासून दूर राहतो. आणि ज्याच्या घरात एकच फोन आहे, ज्यावर मजुरीचे पैसे येतात आणि मुलांचा अभ्यास होतो, त्याच्यासाठी बॅटरीची किंमत आणि नव्या फोनची किंमत यांतील फरक म्हणजे महिन्याचे रेशन.

२९/
म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. एक: बॅटरी साध्या साधनांनी निघावी. दोन: अस्सल भाग आणि दुरुस्ती-पुस्तिका ग्राहकाला व स्वतंत्र कारागिराला सारख्याच अटींवर मिळाव्यात. तीन: सुरक्षेचे संवेदक वगळता कोणताही भाग बोर्डाशी बांधू नये; संवेदकांची जुळणी करण्याचे साधनही खुले असावे. चार: बाहेर उघडला एवढ्यावरून वॉरंटी नाकारू नये, नुकसान त्या दुरुस्तीमुळेच झाले हे कंपनीने दाखवावे. अमेरिकेत १९७५च्या वॉरंटी कायद्याचा आशय याच दिशेचा आहे. यातली एकही मागणी अशक्य नाही; प्रत्येकीचा दाखला वर आला आहे.

३०/
हश-अ-फोनला न्याय मिळायला टोपण बाजारात आल्यापासून ३५ वर्षे लागली. तोवर लाखो लोक तोंडावर ओंजळ धरून बोलत राहिले आणि त्यालाच शिस्त समजत राहिले. आज फोनची बॅटरी उतरली की नवा फोन घेणारी पिढी तशाच एका सवयीत वाढते आहे. सवय मोडायला फार काही लागत नाही. पुढचा फोन निवडताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलबरोबर एवढे विचारावे: याची बॅटरी कशी निघते, भाग कोठे मिळतो, आणि तो बसवल्यावर फोन कोणाची परवानगी मागतो? दुकानदाराला उत्तर देता आले नाही तर तेही एक उत्तरच आहे.

(धागा समाप्त)